टोळ्या किती ठेवायच्या?

गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यात सगळ्यांची नजर गव्हाणीवर असते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांना हे सांगायला नको. सोमेश्वर असो, माळेगाव असो की भवानीनगरचा छत्रपती, कारखान्याची रोजची गाळप क्षमता कागदावर ठरलेली असते, बॉयलर पेटलेला असतो, गिरण्या फिरायला तयार असतात. तरीही आज किती ऊस गाळला जाणार हे गिरण्यांच्या हातात नसतं. ते फडात पोचलेल्या तोडणी टोळ्यांवर आणि वाहनांवर ठरतं. मुकादमांना उचल देऊन टोळ्या महिनोन्‌महिने आधी बांधाव्या लागतात. उसाचं वर्ष चांगलं निघालं आणि टोळ्या कमी पडल्या तर गव्हाण रिकामी राहते, फडातल्या उसाला तुरे येतात. वर्ष दुष्काळी निघालं आणि टोळ्या भरमसाट बांधल्या असतील तर उचलीतला पैसा अडकून पडतो. ‘टोळ्या किती ठेवायच्या’ या प्रश्नाला म्हणून एकच कायमचं उत्तर नाही. रानात ऊस किती उभा आहे, त्यावर ते अवलंबून. जिवंत पेशीच्या वाढीकडे याच प्रश्नातून पाहायला हवं, असं मला वाटतं. टोळ्यांच्या जागी तिथे टी-आरएनए नावाचे रेणू आहेत, गव्हाणीच्या जागी रायबोसोम. ऊसतोड मजुराला घर असतं, कर्ज असतं, शाळा सुटलेली पोरं असतात. त्याचं आयुष्य कुठल्याच उपमेत बसवू नये. इथे त्या व्यवस्थेतलं फक्त पुरवठ्याचं गणित उसनं घेतो आहे.

आधी यंत्र जवळून पाहू. जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरी शब्दांत लिहिलेला असतो. या शब्दाला कोडॉन म्हणतात. अक्षरं चारच, म्हणून शब्द 64 होतात. त्यांतले तीन पूर्णविरामाचे. उरलेले 61 शब्द वीस अमिनो आम्लांमध्ये वाटलेले. 1961 साली मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिख मथाई यांनी यातला पहिला शब्द उलगडला आणि हरगोबिंद खोराना यांच्या हातच्या रसायनविद्येची जोड मिळाल्यावर ते दशक संपायच्या आत सगळा कोश तयार झाला. वीस आम्लांना 61 शब्द, म्हणजे समानार्थी शब्द आलेच. आर्जिनीन या एका आम्लालाच सहा आहेत. टी-आरएनए हा रेणू एका टोकाला अमिनो आम्ल धरतो, दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं असतात. रायबोसोम जनुकावरून उतरवलेल्या संदेशाच्या धाग्यावर एका कोडॉनपाशी येऊन थांबतो. तो कुणाला हाक मारत नाही, यादी काढून नेमक्याला बोलावत नाही. भोवतीच्या गर्दीतले टी-आरएनए येऊन धडकत राहतात, बहुतेक चुकीचे असतात, मागे फिरतात. योग्य तो सापडला की आम्ल प्रथिनाच्या साखळीला जोडलं जातं आणि रायबोसोम एक पाऊल पुढे जातो. जोमाने वाढणाऱ्या जिवाणूत हे सगळं सेकंदाला दहा ते वीस वेळा घडतं. या गर्दीत योग्य टी-आरएनए जेवढा विरळ तेवढी थांबण्याची वेळ जास्त, आणि तेवढीच चुकीचा गडी आत घुसण्याची शक्यताही जास्त.

समानार्थी शब्दांपैकी कुठला वापरला याने प्रथिनात काही फरक पडत नाही, म्हणून अशा बदलांना बराच काळ ‘मूक’ म्हटलं गेलं. नाव चुकीचं होतं, पण चूक समजण्यासारखी होती. अर्थ तोच राहिला तर शब्द बदलल्याने काय बिघडतं? जपानच्या तोशिमिची इकेमुरा यांनी 1981 साली ई. कोलाय या जिवाणूतल्या टी-आरएनएंची मोजदाद जनुकांतल्या शब्दांशी ताडून पाहिली. ज्या टी-आरएनएचा साठा मोठा, त्याचाच कोडॉन जास्त वापरलेला, असं त्यांना दिसलं. रायबोसोमची स्वतःची प्रथिनं, म्हणजे ज्यांचं उत्पादन पेशीला अहोरात्र लागतं, ती तर जवळजवळ फक्त भरपूर साठ्याच्या शब्दांतच लिहिलेली. आर्जिनीनच्या सहा शब्दांपैकी दोनच तिथे चालतात. एजीजीसारखा दुर्मीळ शब्द त्या जनुकांत शोधून सापडत नाही. 2019 मध्ये केंब्रिजला जेसन चिन यांच्या प्रयोगशाळेने ई. कोलायचा संपूर्ण जनुकसंच नव्याने जोडला आणि त्यातले 18,214 कोडॉन समानार्थी शब्दांनी बदलले. पेशी जगली. मात्र तिला दुप्पट व्हायला मूळ पेशीपेक्षा सुमारे 1.6 पट वेळ लागू लागला. कोशाला हा बदल चालला, वाढीला तो महागात पडला.

इथवरच्या गोष्टीतून घाईने निघणारा निष्कर्ष असा, की टी-आरएनए जेवढे जास्त आणि शब्द जेवढे ‘नेहमीचे’ तेवढी पेशी बळकट. मला तो निष्कर्ष मान्य नाही, कारण त्यात खर्चाची बाजू धरलेली नाही. टी-आरएनए फुकट मिळत नाही. ई. कोलायमध्ये त्यांची 86 जनुकं आहेत, रायबोसोमच्या आरएनएचे सात संच आहेत, आणि भरपूर खाद्यात वीस मिनिटांत दुप्पट होणारी ही पेशी दर रायबोसोममागे नऊ-दहा टी-आरएनए बाळगते. उलट क्षयाचा जिवाणू पाहा: टी-आरएनएची 45 जनुकं, रायबोसोमच्या आरएनएचा एकच संच, आणि दुप्पट व्हायला वीस-बावीस तास. एदुआर्दो रोशा यांनी 2004 साली शंभराहून अधिक जिवाणूंचे जनुकसंच तपासले तेव्हा हेच चित्र मोठ्या पटावर दिसलं. झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंत टी-आरएनएच्या जनुकांची संख्या जास्त असते, आणि गंमत म्हणजे त्यांचे प्रकार कमी असतात. मोजक्याच प्रकारांच्या पुष्कळ टोळ्या ठेवायच्या आणि बहुतेक मजकूर त्यांना जमेल अशाच शब्दांत लिहायचा, असा त्यांचा हिशेब.

हा हिशेब पाण्याखालच्या रानाचा आहे. बारामती तालुक्याच्या दक्षिण भागात नीरा डाव्या कालव्याचं पाणी फिरतं आणि ऊस उभा राहतो. उत्तरेला सुपे-मोरगावच्या अंगाला गेलं की पाऊस तुटपुंजा, जमीन हलकी, माळावर गवत, आणि त्या गवतात चिंकारा हरणं राहतात म्हणून सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झालेलं. या जिरायती पट्ट्यात बागायतदाराइतके गडी आणि बैल वर्षभर दावणीला ठेवले तर खाणारी तोंडं वाढतात, पीक वाढत नाही. पेशीच्या बाबतीतही असंच घडत असेल, तर ते प्रयोगात दिसायला हवं: भरपूर अन्नात जादा टी-आरएनए काढले की वाढ मंदावली पाहिजे, आणि अपुऱ्या अन्नात तेच काढले की वाढ सुधारली पाहिजे. दुसरा अर्धा भाग कानाला विचित्र वाटतो. जनुकं कापून काढल्यावर पेशी आधीपेक्षा बरी वाढेल कशी?

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात दीपा आगाशे यांच्या गटाने नेमका हा प्रयोग केला. पार्थ रावल, विंग युई न्गान, जेना गॅली आणि आगाशे यांचा शोधनिबंध 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ई. कोलायमधून टी-आरएनएची जनुकं, टी-आरएनएवर शेवटचा हात फिरवणारी विकरं आणि रायबोसोमच्या आरएनएचे संच वेगवेगळ्या जोड्यांनी काढून टाकले आणि तयार झालेल्या पेशी निरनिराळ्या खाद्यांत वाढवल्या. सुकाळात कपात महागात पडली. पोषण अपुरं असताना मात्र कपात केलेल्या पेशी मूळ पेशींपेक्षा सरस वाढल्या. त्यांनी दिलेलं कारण साधं आहे. खराब खाद्यात वाढीची कमाल मर्यादा अन्नच ठरवतं, प्रथिनं बांधण्याची क्षमता तिथे तशीही पुरती वापरली जात नाही. मग ती क्षमता टिकवायला लागणारा खर्च निव्वळ ओझं होतो. शिवाय हे परिणाम एकमेकांत गुंतलेले निघाले. रायबोसोमच कमी केले तर टी-आरएनएच्या कपातीचा अर्थ बदलतो, गव्हाणच अरुंद केली तर टोळ्यांच्या संख्येचा अर्थ बदलतो तसा. या निकालानंतर 86 या आकड्याकडे बघण्याची तऱ्हा बदलते. त्यात त्या जिवाणूच्या कुळाने भोगलेल्या सुकाळ-दुष्काळाचा ताळेबंद आहे. हा जिवाणू ज्यात राहतो त्या आतड्यात कधी अन्नाचा लोंढा येतो, कधी शुकशुकाट असतो. तिथे राहणाऱ्याने लोंढ्याच्या तासांसाठी टोळ्या बांधून ठेवल्या आणि शुकशुकाटाचा खर्च सोसला.

दुष्काळात टोळ्यांचं काय होतं याची आणखी एक बाजू फारशी बोलली जात नाही. एखादं अमिनो आम्ल संपत आलं की त्याचे सगळे टी-आरएनए सारख्या प्रमाणात रिकामे होत नाहीत. योहान एल्फ, तानेल टेन्सन, मॉन्स एरेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2003 साली गणिताने दाखवलं की साठ्याच्या मानाने ज्याला सर्वांत जास्त मागणी, तो आधी रिकामा होतो. फारसा न वापरला जाणारा, दुर्मीळ शब्द वाचणारा टी-आरएनए बराच काळ भरलेला राहू शकतो. म्हणजे सुकाळातला ‘चांगला’ कोडॉन टंचाईत सर्वांत आधी अडतो आणि ‘वाईट’ म्हणून हिणवलेला चालत राहतो. अमिनो आम्ल तयार करणाऱ्या विकरांची जनुकं, जी नेमकी टंचाईतच लागतात, त्यांतली शब्दांची निवड या हिशेबाशी जुळते. 2017 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी त्याहून थेट गोष्ट मोजली: अमिनो आम्लांची उपासमार सुरू झाल्यावर वीस मिनिटांत ई. कोलाय आपले बहुसंख्य टी-आरएनए मोडून टाकतो. हे रेणू टिकाऊ, बदल न होणारे, असं पाठ्यपुस्तकात दशकानुदशकं छापलं गेलं होतं. मागणी संपली की टोळ्या परत पाठवण्याची सोय पेशीकडे आहे, इतकंच नव्हे, ती पटकन वापरली जाते.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात. पहिला जुना आहे आणि वजनदार आहे: कोडॉनची निवड ही बरीचशी अपघाताची गोष्ट आहे. काही जिवाणूंत उत्परिवर्तनं एका ठरावीक अक्षराकडे झुकलेली असतात, आणि तो झुकाव सगळ्या जनुकसंचावर पसरतो; त्यात निवडीचा हात शोधू नये. माणसासारख्या, पिढी मोठी आणि प्रजननक्षम संख्या तुलनेने लहान असलेल्या जातींत तर एका शब्दाच्या बदलाचा फायदा इतका बारीक असतो की योगायोगाच्या लाटेत तो वाहून जातो. हे खरं आहे, आणि म्हणूनच जिवाणूंतलं गणित उचलून जसंच्या तसं माणसावर लावणाऱ्यांपासून सावध राहावं. पण आक्षेपाची धाव सरासरीपुरती आहे. सरासरी शब्दसंच उत्परिवर्तनाने ठरला असेल. त्याच पेशीतल्या रायबोसोमच्या जनुकांनी त्या सरासरीपासून एवढं दूर का जावं, याचं उत्तर उत्परिवर्तनातून निघत नाही. कारण झुकाव सगळ्या जनुकांवर सारखा पडायला हवा.

दुसरा आक्षेप प्रयोगातून आला. 2009 साली ग्झेगोज कुडला आणि सहकाऱ्यांनी हिरवं चमकणाऱ्या एकाच प्रथिनाची 154 जनुकं तयार केली. प्रथिन तेच, शब्द वेगवेगळे. ई. कोलायमध्ये त्यांच्या उत्पादनात अडीचशे पटींपर्यंत फरक पडला, आणि तो फरक कोडॉनच्या ‘चांगुलपणा’शी जुळला नाही. संदेशाचं सुरुवातीचं टोक स्वतःभोवती किती घट्ट गुंडाळलं जातं, यावर तो प्रामुख्याने ठरत होता. टोक गुंडाळलेलं असेल तर रायबोसोमला चढायलाच जमत नाही. पुढचे शब्द कितीही सोयीचे असोत. अनेकांनी यावरून कोडॉनचं महत्त्व संपलं असा अर्थ काढला. तो निबंध नीट वाचला तर उलट दिसतं. एका जनुकाचं उत्पादन चढण्यावर ठरलं, पण ज्या पेशींना सोयीच्या शब्दांतला मजकूर मिळाला होता त्या जास्त वेगाने वाढल्या. कारण जनुक एक असलं तरी टोळ्या सगळ्या गावाच्या असतात. एका फडात अवघड, पडलेला ऊस लागला की तिथे अडकलेली टोळी दुसऱ्या फडाला मिळत नाही. नुकसान त्या एका शेतकऱ्याचंच होतं असं नाही. कोडॉनचा परिणाम एका जनुकाच्या पदरात मोजायला गेलं तर हाती लागत नाही. तो पेशीच्या सामाईक खात्यावर लिहिला जातो.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीला सर्वांत जास्त टोचणारा आहे, आणि गंमत अशी की तो आगाशे यांच्याच 2013 च्या प्रयोगातून येतो. मिथाइलोबॅक्टेरियम या जिवाणूतलं एक अत्यावश्यक जनुक घेऊन त्यांनी त्याच्या समानार्थी आवृत्त्या बनवल्या. एक आवृत्ती फक्त दुर्मीळ शब्दांत, एक फक्त वारंवार वापरल्या जाणाऱ्या शब्दांत. दुर्मीळ शब्दांच्या आवृत्तीने पेशीची क्षमता 40 टक्क्यांनी घटली. हे अपेक्षितच. पण नेहमीच्या शब्दांच्या आवृत्तीने ती 90 टक्क्यांहून जास्त घटली! चांगल्या शब्दांत लिहिलेलं जनुक वाईट शब्दांत लिहिलेल्या जनुकापेक्षा वाईट ठरलं. त्या संशोधकांचा कयास असा, की शब्द सुटे बरे असले तरी ओळीने आल्यावर काही ठिकाणी असे तुकडे तयार होतात ज्यांना रायबोसोम चिकटून अडतो. मग पुरवठा-मागणीचं सगळं गणितच कोलमडलं का? मला तसं वाटत नाही. ‘चांगला कोडॉन’ नावाची सुटी वस्तू अस्तित्वात आहे हा समज मात्र कोलमडला, आणि तो कोलमडायलाच हवा होता. सोयीचा शब्द हा जनुकसंचाच्या सरासरीने ठरलेला असतो. एका जनुकातली त्याची जागा, शेजार, त्या वेळचं अन्न, हे सगळं सरासरीतून गळून गेलेलं असतं.

आणि तरी उद्योग मात्र सरासरीवरच चालतो. एखादं जनुक परक्या पेशीत घालायचं तर संगणकाला यजमान पेशीची शब्दसवय सांगायची आणि तो ‘ऑप्टिमाइझ’ केलेला मजकूर काढून देतो. हे पुष्कळदा जमतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या आणि 2021 च्या डिसेंबरात भारतात परवानगी मिळालेल्या कोवोव्हॅक्स लशीतलं प्रथिन कीटकाच्या पेशींत वाढवलं जातं, आणि विषाणूचं जनुक त्या पेशींच्या शब्दसवयीनुसार पुन्हा लिहिलेलं आहे. तो कीटक कोणता? मक्याचा कोंब आतून पोखरून पोंग्यात भुसा साठवणारी अमेरिकन लष्करी अळी, जी 2018 पासून आपल्या मका उत्पादकांची झोप उडवते आहे. लस टोचून घेणाऱ्या किती जणांना हा संबंध माहीत असेल कोण जाणे. बीटी कापसाची गोष्ट जास्त बोधक आहे. जिवाणूतलं मूळ जनुक वनस्पतीत जवळजवळ मुकं राहत होतं. 1991 मध्ये फ्रेडरिक पर्लाक आणि सहकाऱ्यांनी त्यातली 3 टक्के अक्षरं बदलली तेव्हा प्रथिन दहापट वाढलं, 21 टक्के बदलली तेव्हा शंभर पटींपर्यंत. जालन्याच्या महिकोच्या भागीदारीतून 2002 साली हे तंत्र भारतीय शेतात आलं. पण पर्लाक यांच्या यशातला पहिला दहापट वाटा केवळ 3 टक्के अक्षरांनी आणला, आणि ती अक्षरं वनस्पतीला चुकीचा इशारा देणाऱ्या तुकड्यांतली होती. नुसते नेहमीचे शब्द भरून हे साधलं नसतं. तिथे कुणीतरी मजकूर वाचला होता.

यावर असंही म्हणता येईल की उत्क्रांती एवढी चपळ असेल तर शब्द आणि टी-आरएनए यांची जुळणी आपण कशाला जपायची, पेशी स्वतःच जपेल. यीस्टने ते करून दाखवलंही आहे. तेल अवीवजवळच्या वाइझमन संस्थेत यीस्टमधून आर्जिनीनचा एक शब्द वाचणारं एकमेव टी-आरएनए जनुक काढून टाकलं, वाढ मंदावली. दोनशेच पिढ्यांत दुसऱ्या एका आर्जिनीन टी-आरएनएच्या अकरा प्रतींपैकी एका प्रतीत एक अक्षर बदललं आणि त्या टोळीने मोकळी पडलेली कामगिरी उचलली. अकरा प्रती असल्यामुळेच एक देऊन टाकणं परवडलं. जादा टोळ्यांचा हा फायदा सुकाळाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. त्याच संस्थेच्या गटाने 2014 मध्ये यीस्टची 204 टी-आरएनए जनुकं एकेक करून काढली तेव्हा चांगल्या खाद्यात बहुतेकांची उणीव जाणवलीच नाही. इथे प्रयोगशाळेतलं ‘चांगलं खाद्य’ हीच अडचण आहे. बारामती-इंदापूर भागातल्या कारखान्यांच्या आसवन्यांमध्ये मळीवर जे यीस्ट काम करतं, त्याला तसं खाद्य काही तासच मिळतं. टाकी भरल्यावर सुरुवातीला ते झपाट्याने वाढतं. मग विरघळलेला प्राणवायू संपतो, वापरता येण्याजोगा नायट्रोजन संपत येतो, अल्कोहोल चढतं आणि पेशींची वाढ थांबते. साखरेची दारू मात्र त्यानंतरही होत राहते, आणि आसवनीचं उत्पन्न मुख्यतः त्याच तासांत असतं. यीस्टच्या पावणेतीनशेच्या आसपास टी-आरएनए जनुकांपैकी त्या वेळी किती खरोखर लागतात, हे मोजायचं तर साखर-पेप्टोनच्या स्वच्छ चंबूत मोजून चालणार नाही. त्या काळ्या, फेसाळ, गरम रसातच नमुना काढायला उतरावं लागेल.